क्लच अचानक निकामी झाला तर...

वाचकहो, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आपल्या कितीतरी घरांची भाकरी चाकावर चालते. कुणाची वडापची जीप आहे, कुणी एमआयडीसीतल्या कामगारांची ने-आण करतो, कुणी हंगामात कारखान्याला ऊस वाहतो, तर कुणी मालकाच्या गाडीवर महिन्याच्या पगाराने ड्रायव्हर आहे. काहींनी पैशाला पैसा जोडून जुनी मारुती किंवा ओम्नी दारात उभी केली आहे. ब्रेक आणि टायर यांची काळजी सगळेच घेतात. क्लचची आठवण मात्र तो गेल्यावर होते, आणि तो बहुधा भर रस्त्यात, भरल्या गाडीतच जातो. म्हणून या वेळी आम्ही क्लचबद्दल लिहीत आहोत. हा मजकूर चालवणाऱ्याने तर वाचावाच, पण शेजारी बसणाऱ्या घरच्या माणसांनीही वाचावा. आणीबाणीच्या वेळी गाडीत एकाचेही डोके शांत असले, तरी सगळ्यांचा जीव वाचतो.

क्लच नेमके करतो काय?

गावातली डिझेल इंजिनावरची पिठाची गिरणी अनेकांनी पाहिली असेल. पट्टा बाजूला सरकवला की जाते थांबते, इंजिन मात्र चालूच राहते. गाडीत हेच काम क्लच करतो. पेडल वर असते तेव्हा क्लचप्लेट इंजिनाच्या चाकाला घट्ट दाबलेली असते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्समार्फत चाकांना मिळते. पेडल दाबले की प्लेट सुटते, ताकद तुटते आणि गिअर बदलता येतो.

पायाचा जोर प्लेटपर्यंत पोचवण्याच्या दोन पद्धती आहेत. मारुती ८०० आणि ओम्नीसारख्या गाड्यांत लोखंडी केबल असते, मोटारसायकलच्या क्लचवायरसारखीच. अनेक मोठ्या आणि नव्या गाड्यांत हे काम तेलाच्या दाबावर चालते.

बिघाडही मुख्यतः दोन तऱ्हेचे. पहिल्यात केबल तुटते किंवा तेल गळते. पेडल खाली जाऊन बसते किंवा सैल पडते, प्लेट सुटत नाही आणि गिअर बदलता येत नाही. दुसऱ्यात प्लेट झिजून घसरू लागते. रेस दिली की इंजिन ओरडते, पण गाडी पळत नाही आणि जळका वास येतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी हा फरक ओळखावा.

चालत्या गाडीत

एक गोष्ट मनात पक्की धरावी. क्लच गेला म्हणजे ब्रेक गेला नाही आणि स्टिअरिंगही गेले नाही. गाडी अजून तुमच्याच हातात आहे.

पेडल निकामी झाल्याचे कळताच रेसवरचा पाय काढावा. चारही इंडिकेटर लावावेत, आरशात मागे पाहावे आणि गाडी हळूहळू डावीकडे घेत ब्रेक लावावा. रस्ता सपाट असेल, तर रेस सोडल्यावर गिअर बहुतेक वेळा सहज न्यूट्रलमध्ये येतो. नाही आला, तर त्याच्याशी झटापट करत बसू नये. ब्रेक दाबत राहावे. शेवटी एक हिसका बसेल, इंजिन बंद पडेल आणि गाडी थांबेल. त्याने काही बिघडत नाही.

इंजिन बंद पडल्यावर ब्रेक जड होतो आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते, पण दोन्ही काम करत असतात. ब्रेक पुनःपुन्हा सोडून दाबू नये. एकदाच जोर लावून दाबून धरावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, नाहीतर स्टिअरिंगला कुलूप लागेल.

उतारावर मात्र न्यूट्रल करू नये. गाडी ज्या गिअरमध्ये आहे त्यातच राहू द्यावी, कारण इंजिनच तिला मागे धरून ठेवते. क्लच घसरत असेल, तर हा आधारही कमी पडतो, तेव्हा सगळा भरवसा ब्रेकवर ठेवून सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवावा. पुण्याहून सासवडमार्गे बारामतीला येताना दिवे घाट चढावा लागतो. घसरणारा क्लच अशा चढावरच उघडा पडतो. तिथे जास्त रेस देऊन गाडी रेटू नये, प्लेट आणखी जळते. रुंद जागा पाहून थांबावे, हँडब्रेक ओढावा आणि चाकांमागे दगड लावावा. गाडी गिअरमध्ये ठेवली एवढ्यावर विसंबू नये. क्लच घसरत असेल तर गिअरही तिला धरणार नाही.

गाडी थांबल्यावर

बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी असे इंदापूरला जाताना हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. अंधारात मागच्या दिव्याविना उभी असलेली ट्रॉली किती घातक असते, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तुमची बंद गाडीही मागून येणाऱ्यासाठी तशीच असते. म्हणून ती शक्य तितकी साईडपट्टीच्या बाहेर घ्यावी. मुलांना आणि वृद्धांना रस्त्याच्या बाजूने न उतरवता डाव्या दाराने उतरवावे आणि गाडीपासून दूर, रस्त्याबाहेर उभे करावे. परावर्तक त्रिकोण मागे बराच अंतरावर ठेवावा. गाडीच्या मागे उभे राहून कुणी हात करू नये.

पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर असाल, तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. इतर कुठेही जिवाला धोका वाटला तर ११२ लावावा.

दौंड-बारामती मार्गावरच्या रेल्वे फाटकात गाडी अडकली, तर आधी गाडीचा विचार सोडावा. सगळी माणसे उतरवून रुळापासून लांब न्यावीत आणि त्याच क्षणी फाटकवाल्याला सांगावे. गाडी येत नसल्याचे त्याने सांगितले, तरच गाडी न्यूट्रल करून चार जणांनी ढकलावी. ढकलायला माणसे नसतील आणि क्लच सुटत नसल्याचा बिघाड असेल, तर पहिला गिअर टाकून सेल्फ मारावा. सेल्फच्या जोरावर गाडी धक्के खात पुढे सरकते. नव्या अनेक गाड्यांत पेडल दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तिथे पेडल दाबून हेच करावे.

काही जण याच युक्तीने गाडी सुरू करून, इंजिनाचा वेग जुळवत क्लचविना गिअर बदलत, घरापर्यंत येतात आणि त्याचा अभिमान सांगतात. आमचे म्हणणे असे की, ही युक्ती धोक्याच्या जागेतून बाहेर निघण्यासाठी आहे, प्रवासासाठी नाही. प्रत्येक थांब्याला इंजिन बंद करावे लागते आणि सुरू करताना गाडी झेप घेते. समोर शाळेची मुले असली तर? गाडीत माणसे असतील तर टोचन करून किंवा टेम्पोवर चढवूनच ती न्यावी.

क्लच आधी सांगून जातो

बहुतेक क्लच जाण्यापूर्वी खुणा देतात. पेडल पूर्वीपेक्षा वर किंवा खाली पकडू लागते. रिव्हर्स टाकताना खरखर होते. पेडल दाबले की चिरका आवाज येतो, तेव्हा रिलीज बेअरिंग तपासावे. तेलाच्या क्लचमध्ये तेल कमी झाले, तर नुसते भरून गप्प बसू नये, गळती शोधावी. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांचे तेल एकाच डबीतून जाते. आजची क्लचची गळती उद्या ब्रेकवर येऊ शकते.

प्लेट लवकर जाते ती बहुधा सवयींमुळे. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवणे, चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलणे, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणे आणि जादा माणसे भरणे, या चार सवयी सोडल्या तर गॅरेजचा खर्च बराच लांबतो.

केबल बदलणे हे थोड्या वेळाचे काम आहे. प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि पैसा मजुरीत जातो. म्हणून प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी पाहून घ्यावे, म्हणजे तीच मजुरी दोनदा पडत नाही. काढलेले जुने भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावेत. काय झिजले होते ते डोळ्यांनी पाहावे.

पगारी ड्रायव्हर बांधवांसाठी

आता सर्वांत महत्त्वाचे. क्लच घसरतो आहे हे ड्रायव्हरला आधी कळते. तो मालकाला सांगतो. मालक म्हणतो, "एवढी खेप मारून ये, मग बघू." आणि रस्त्यात प्लेट जळाली, की खर्च पगारातून कापण्याची भाषा सुरू होते. हा अनुभव अनेक घरांना आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९० या बाबतीत स्पष्ट आहे. ज्या दोषामुळे गाडी धोकादायक ठरते, तो माहीत असताना, किंवा साध्या काळजीने कळण्याजोगा असताना, ती सार्वजनिक ठिकाणी चालवणारा तर दोषी ठरतोच, पण ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी ठरतो. म्हणजे मालकाने हुकूम दिला म्हणून ड्रायव्हर सुटत नाही आणि स्टिअरिंगवर नव्हतो म्हणून मालकही सुटत नाही.

म्हणून बिघाड तोंडी सांगून थांबू नका. तारीख घालून वहीत लिहा आणि मालकाला मोबाईलवर दोन ओळींचा निरोप पाठवा : "क्लच घसरतो आहे, गाडी दाखवावी लागेल." ज्याच्याजवळ लेखी आहे, त्याचे म्हणणे उद्या कुणी सहज झटकू शकत नाही. लिहिता-वाचता येण्याचा हाच तर उपयोग आहे. भरल्या गाडीची खेप नाकारावी लागली, तर एक दिवसाचा रोज बुडेल, हे आम्हाला ठाऊक आहे. पण मागच्या सीटवर बसलेल्या दहा माणसांच्या घरीही कुणीतरी वाट पाहत असते.

या रविवारी एवढे करा. गाडीत परावर्तक त्रिकोण, एक विजेरी, जाड दोरखंड आणि चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे ठेवा. तेलाची डबी उघडून पाहा. घरातल्या मोठ्या मुला-मुलींना चारही इंडिकेटरचे बटण आणि हँडब्रेक कुठे आहे ते दाखवा. अर्ध्या तासाचे काम आहे.