फार्मसीच का?

गेल्या वर्षी जुलै ते नोव्हेंबर मी मुलीकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात होतो. नातीचं कॉलेजचं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. एका रात्री ती जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसलेली दिसली. समोर फार्मसीच्या प्रवेशअर्जातला एकच प्रश्न : तुम्हाला फार्मासिस्ट का व्हायचं आहे? उत्तर पान-दीड पानात लिहायचं होतं.

"आजोबा, तुम्ही चाळीस वर्षं मिरजेत औषधांचं दुकान चालवलंत. तुम्ही काय लिहिलं होतं?"

मी काहीच लिहिलं नव्हतं. 1978 साली बारावी झालो. मेडिकलला गुण कमी पडले, तेव्हा वडील म्हणाले, "डॉक्टर नाही तर नाही, डॉक्टरांच्या शेजारी तरी बस." झालं, डी.फार्म.चा अर्ज भरला. फार्मसीच का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बारावीनंतर थेट फार्मसीला जाता येत नाही. आधी कॉलेजात निदान दोन वर्षं तयारी करायची, मग अर्ज करायचा आणि प्रवेश मिळालाच, तर पुढे चार वर्षांचं फार्म.डी. पूर्वीची पाच वर्षांची पदवी 2000 नंतर टप्प्याटप्प्याने संपली. तयारीच्या वर्षांत जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, शरीररचना, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र हे सगळं असतं. पण मुलं धास्तावतात ती सेंद्रिय रसायनशास्त्राला. दोन सत्रं, शिवाय प्रयोगशाळा. नातीच्या खोलीत भिंतभर षट्कोन चिकटवलेले होते. मात्र मला नवल वाटलं ते दुसऱ्याच विषयाचं. चारचौघांत बोलायचं कसं, याचाही तिला रीतसर अभ्यासक्रम होता! फार्मसीसाठीची वेगळी प्रवेश परीक्षा, पीकॅट, जानेवारी 2024 नंतर बंदच झाली. त्यामुळे आता भर आहे तो कॉलेजातल्या गुणांवर, प्राध्यापकांच्या शिफारसपत्रांवर, त्या दीड पानावर आणि मुलाखतीवर.

आणि कामावर. सुट्टीत नात एका औषधाच्या दुकानात मदतनीस होती. आपल्यासारखी पट्टी कात्रीने कापून द्यायची तिथे पद्धत नाही. मोठ्या बरणीतल्या गोळ्या ताटलीत ओतायच्या, पाच-पाच करून मोजायच्या, तपकिरी बाटलीत भरायच्या आणि वर रुग्णाचं नाव अन् औषध कसं घ्यायचं ते छापलेली चिठ्ठी लावायची. औषध समजावून सांगायचं काम मात्र फार्मासिस्टचंच. मदतनिसाने त्यात तोंड घालायचं नाही. गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतल्या रुग्णांना अशी माहिती देऊ करण्याची सक्ती 1990 च्या कायद्याने आली आणि पुढे बहुतेक राज्यांनी ती सर्वच रुग्णांना लागू केली.

मुलाखतीत कधी कधी एखादा प्रसंग उभा करतात : रुग्ण चिडलेला आहे, त्याच्याशी बोला. त्याची तालीम घरी सुरू झाली आणि चिडका रुग्ण अर्थातच मी! नातीने शांतपणे विचारलं, "डॉक्टरांनी ही गोळी कशासाठी दिलीय? कशी घ्यायला सांगितलीय? घेतल्यावर काय होईल म्हणाले?" अमेरिकेतल्या मूलनिवासींसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या फार्मासिस्टांनी रुळवलेले हे तीन प्रश्न तिने दुकानात ऐकून उचलले होते. दुसऱ्या प्रश्नालाच मी अडखळलो.

मला 1996 सालच्या एक आजी आठवल्या. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट होतं आणि 'आठवड्यातून एकदा' असं स्वच्छ लिहिलेलंही होतं. दुकानात ही गर्दी. मी दहा गोळ्यांची पट्टी दिली आणि सवयीने म्हणालो, "रोज एक, जेवणानंतर." दहाव्या दिवशी त्यांचा मुलगा आला. आजींचं तोंड आतून सोलवटलेलं, ताप, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या. दोन आठवडे त्या इस्पितळात होत्या. वाचल्या. मुलगा मला एका शब्दाने बोलला नाही, ते आजही सलतं. औषधाचं नाव, मात्रा, दुष्परिणाम सारं मला पाठ होतं. समोरच्या माणसाला विचारून खात्री करून घेणं, हेही आपलं काम आहे, असं मात्र कधी मनातच आलं नव्हतं.

आता, अमेरिकेची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. तिथे या शिक्षणापायी मुलं डोईजड कर्ज काढतात. 2000 च्या सुमाराला ऐंशीच्या घरात असलेली फार्मसी महाविद्यालयं आता एकशेचाळीसच्या आसपास आहेत आणि अर्ज करणारे घटले आहेत. साखळी दुकानांत माणसं कमी आणि काम फार म्हणून 2023 मध्ये अनेक फार्मासिस्टांनी काम बंद ठेवलं होतं. ते तीन प्रश्न विचारायला तिथेही दर वेळी उसंत मिळतेच असं नाही. पण निदान दारातून आत घेण्याआधी 'का?' असं विचारतात तरी.

आपल्याकडे बी.फार्म.ला सीईटीचे दोनशे गुण, पर्याय निवडायचे आणि संगणकावर टिचकी मारायची. डिप्लोमाला बारावीचे गुण. दरवर्षी जूनमध्ये पालक दुकानात येऊन हळू आवाजात विचारतात, "नीटला नाही जमलं हो, फार्मसीला टाकू का?" मूल शेजारीच उभं असतं, त्याला कुणी विचारत नाही. डिप्लोमात पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे, पण ते अभ्यासक्रमाच्या शेवटी. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर दुसराच, हा प्रकार तर वाचकांनी पाहिलेलाच असेल. रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य असल्याचं फार्मसी कौन्सिलच्या 2015 च्या नियमांत लिहिलेलं आहे. नुसत्या नियमाने सवय लागत नाही.

पालकांना मी आता एकच सांगतो. अर्ज भरण्याआधी मुलाला आठ दिवस ओळखीच्या केमिस्टकडे नुसतं उभं करा. औषधाला हात लावू नको, फक्त बघ आणि ऐक, म्हणावं. संध्याकाळी सातची गर्दी, चष्मा विसरलेले आजोबा, उधारी मागणारा रिक्षावाला, 'कालच्यासारखीच पांढरी गोळी द्या' म्हणणाऱ्या काकू, सगळं बघू दे. नवव्या दिवशी त्यालाच विचारा. नको म्हणाला, तर चार वर्षं आणि फी वाचली.

नातीने त्या रात्री काय लिहिलं, ते तिने मला वाचू दिलं नाही. फेब्रुवारीत तिला प्रवेश मिळाल्याचा फोन आला.

मिरजेचं दुकान आता मुलगा बघतो. मी संध्याकाळी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असली, की पट्टी माझ्याकडे येते. मी ती पाकिटात घालतो, वर ठळक अक्षरात वार लिहितो आणि विचारतो, "कशी घ्यायची सांगितलीय, मला सांगा बघू." मुलगा म्हणतो, "बाबा, गर्दीच्या वेळी वेळ जातो." जातो खरा.