काच फुटली म्हणजे डिस्प्ले गेला असे नव्हे

हातातून ताटली पडली तर आपण ती उचलून पुसतो आणि पुन्हा कामाला लागतो. मोबाईल पडला की मात्र अख्खे घर जागच्या जागी थांबते. आज त्याविषयीच दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

कापूस वेचाईचे दिवस होते. आमच्या शेजारच्या बाई संध्याकाळी घाईघाईने आमच्या ओसरीवर आल्या. हातात मोबाईल, मागे कॉलेजात शिकणारी मुलगी. फोन फळीवरून फरशीवर पडला होता. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा राहिला होता आणि मुदत संपायला दोन दिवस होते. तालुक्याच्या गावी एका दुकानात दाखवला, तर दुकानदाराने वरूनच पाहून सांगितले, "डिस्प्ले गेला. सव्वीसशे लागतील."

"भाऊ, सव्वीसशे कुठून आणू जी? आठवडाभर वेचाई केली तरी तेवढे जमत नाहीत. अन् फारमाचं काय करू?" बाई रडकुंडीला आल्या होत्या.

आम्ही फोन उजेडात धरला. वरची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली होती. एका कडेला बोट लागत नव्हते आणि कॉल लावला की स्क्रीन काळी होत होती. पण चित्र स्वच्छ होते. वर गार्ड, म्हणजे टेम्पर्ड ग्लास, चिकटवलेली होती. तिच्यावर चिकटपट्टी लावून, जुन्या रिचार्ज कार्डाच्या कडेने कोपऱ्यातून ती हळूच उचलली. खाली फोनची स्वतःची काच जशीच्या तशी! बोट सगळीकडे लागू लागले, कॉलवर स्क्रीन काळी पडायचीही थांबली. खर्च आला नव्या गार्डचा, शंभर रुपये. अर्ज त्याच रात्री भरला गेला.

दुकानदाराने मुद्दाम फसवले असे आम्ही म्हणत नाही. बाजाराच्या गर्दीत त्याने वरवर पाहिले असेल. पण त्या वरवर पाहण्याची किंमत एका मजूर बाईने आठवडाभराच्या कमाईने मोजली असती.

आता उलटी गोष्ट ऐका, आणि ही आमच्या स्वतःच्या चुकीची आहे. आमचा फोन अंगणात पडला. काचेला एक चराही नाही. कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका तेवढा दिसत होता. "चालतोय ना, मग राहू दे," असे म्हणून आम्ही सोडून दिले. ठिपका रोज थोडा पसरत गेला. आठ-दहा दिवसांत अर्धा पडदा शाई सांडल्यासारखा काळा झाला आणि मग टचही गेला. त्यात वडिलांचे शेवटच्या आजारातले फोटो आणि त्यांच्या आवाजातले दोन निरोप होते. ते दुसरीकडे काढून ठेवायला आमच्याजवळ आठ दिवस होते. ते आम्ही फुकट घालवले.

म्हणून सांगण्याचा मुद्दा असा, की काच फुटली म्हणजे डिस्प्ले गेलाच असे नाही, आणि काच शाबूत आहे म्हणजे डिस्प्ले शाबूत आहे असेही नाही. घरच्या घरी पाच-दहा मिनिटांत बरेचसे कळते. त्यासाठी आत काय असते एवढे समजून घ्यावे.

फोनचा पुढचा भाग म्हणजे एकावर एक ठेवलेले थर. सगळ्यात वर आपण विकत घेऊन चिकटवलेला गार्ड. त्याखाली फोनची स्वतःची काच. तिच्याखाली बोटाचा स्पर्श ओळखणारा टचचा थर. त्याखाली चित्र दाखवणारा पडदा, तोच खरा डिस्प्ले. साध्या एलसीडी फोनमध्ये या पडद्यामागे उजेड देणारा आणखी एक थर असतो, त्याला बॅकलाइट म्हणतात. ॲमोलेड फोनमध्ये तो नसतो, पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. आणि हे सगळे एका पातळ पट्टीने आतल्या बोर्डाला जोडलेले असते. फोन आपटला की यातले काहीही एक बिघडू शकते. कधी कधी काहीच बिघडत नाही, नुसती पट्टी ढिली होते.

आता तपासणी. पडलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. आधी कडेने पाहा. पडदा चौकटीतून वर आला आहे किंवा फोनचे पोट फुगले आहे असे दिसले, तर बॅटरीला मार बसलेला असू शकतो. तो दाबू नका, चार्ज करू नका, उशाशी ठेवू नका. बाकी तपासणी सोडा आणि थेट जाणकाराकडे न्या.

तसे नसेल तर गार्ड काढा. लहान मुलांना दूर ठेवा, काचेचे कण बोटात शिरतात. मग फोनच्या काचेवरून नख हळू फिरवा. नख कुठे अडकले तर फोनची काच तडकली आहे. नाही अडकले, तर मार गार्डनेच खाल्ला.

मग चित्र पाहा. एक पांढरा आणि एक काळा फोटो पडदाभर उघडा. पांढऱ्यावर काळे डाग व रेघा दिसतात, काळ्यावर उजेडाचे चट्टे दिसतात. शाईसारखा डाग, उभी-आडवी रेघ किंवा अर्धा भाग मालवलेला असेल तर दोष पडद्याचा किंवा पट्टीचा आहे. शंका असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या फोनवर पाठवा. रेघ तिकडेही दिसली तर पडदा ठीक आहे, बिघाड ॲपचा किंवा आतल्या प्रणालीचा आहे. तिकडे चित्र स्वच्छ दिसले तर रेघ आपल्या पडद्याचीच. ही खूण फुकटची आहे आणि सहसा चुकत नाही.

टच पाहायचा असेल तर कुठल्याही ॲपचे चिन्ह बोटाने दाबून धरा आणि सगळ्या पडद्यावर, चारही कोपऱ्यांत, शेतात वखर फिरवतो तसे पट्ट्यापट्ट्याने फिरवा. जिथे ते हातातून सुटते तिथे टच मेला आहे. हे करताना चार्जर काढलेला आणि बोट कोरडे असावे, कारण हलका चार्जर आणि ओला हात चांगल्या टचलाही वेडे करतात. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये *#0*# दाबले की रंग आणि टच तपासण्याचे पान उघडते. फोन आपोआप बटणे दाबू लागला तर मात्र तो लगेच बंद करा. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा पडून तो कुलूपबंद होऊ शकतो.

पडदा पूर्ण काळा असेल तर दुसऱ्या फोनवरून कॉल लावा. रिंग वाजली किंवा तो थरथरला, तर फोन जिवंत आहे, बिघाड पुढच्या भागात आहे. पॉवरचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, काही फोनमध्ये सोबत आवाज कमी करण्याचे बटणही दाबावे लागते. नुसता अडकलेला फोन याने पुन्हा सुरू होतो. तरीही काळाच राहिला, तर अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा उजेड पडद्यावर तिरपा पाडा. एलसीडी फोनमध्ये अंधुक चित्र दिसले तर पडदा चालू आहे, मागचा उजेड तेवढा गेला आहे. ॲमोलेडला ही खूण लागू नाही.

नुसती फोनची काच तडकली असेल आणि चित्र व टच ठीक असेल, तर पैसे येईपर्यंत वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून फोन वापरता येतो. पावसापासून मात्र जपा, फटीतून पाणी आत जाते. डाग किंवा रेघ दिसली तर आमच्यासारखे थांबू नका. त्याच दिवशी फोटो, नंबर आणि कागदपत्रे दुसरीकडे घ्या. चित्र दिसते पण टच नाही, अशा वेळी ओटीजी जोडणीने संगणकाचा साधा माउस बऱ्याच अँड्रॉइड फोनला लावता येतो आणि त्याने कुलूप उघडून सगळे काढता येते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. ओटीपी फोनवर येत नाही, सिमवर येतो. ई-पीक पाहणी 2021 पासून मोबाईलवर आली, लाडक्या बहिणींना 2025 मध्ये ई-केवायसी करावी लागली, त्याच वर्षी कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सांगितली गेली. झरी-जामणीच्या पोडापासून पुसदच्या वस्तीपर्यंत एकेका घरात एकच फोन, आणि सगळी कामे त्यावर. मुदत तोंडावर असेल तर सिम काढा, घरातल्या विश्वासाच्या माणसाच्या फोनमध्ये टाका आणि काम उरका. साधा बटणाचा फोनही ओटीपी घेतो. डिस्प्लेची घाई तिथेच संपते, आणि घाई संपली की भाव करता येतो.

दुकानात जाताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. *#06# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक लिहून ठेवा. बहुतेक फोनमध्ये काच, टच आणि पडदा एकत्र चिकटलेले असतात, म्हणून कारागीर अख्खा जोड बदलतो. त्याला ते कॉम्बो किंवा फोल्डर म्हणतात. त्याला दोन गोष्टी नम्रपणे सांगा. एक, "दादा, आधी जुन्याचीच पट्टी काढून परत बसवून पाहा." दोन, "नवा चिकटवण्याआधी नुसता जोडून दाखवा." चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. माल मूळ कंपनीचा की पर्यायी, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. पर्यायी पडदा स्वस्त असतो, पण उजेड कमी पडू शकतो, आणि पडद्याखाली बोटाचा ठसा घेणारे ॲमोलेड फोन साध्या एलसीडी पडद्यावर तो ठसा घेत नाहीत. पैसे देण्याआधी चारही कोपरे, कॉलचा आवाज आणि पुढचा कॅमेरा तिथेच तपासा.

फोन हमीत असेल तर बाहेर उघडू नका. पडून फुटल्याचा खर्च साध्या हमीत बसत नाही, पण बाहेर उघडला तर बाकीची हमीही कंपनी नाकारू शकते. बिल असून दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

शेजारच्या बाई परवा म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही नसते तर मी उधार काढून पैसे दिले असते." आम्ही नसतो तरी चालावे, यासाठीच एवढे लिहिले. हे कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. फोन चालू असतो तेव्हा त्याची आठवण येत नाही, आणि पडल्यावर त्याच फोनमध्ये शोधता येत नाही.