घरचं रेकॉर्डिंग : तबला मागे का पडतो?

रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी बेळगावात कित्येक शिष्यांना पेटी शिकवली. आपल्या भागात, निपाणीपर्यंत, पेटी-तबला शिकणारी मुलं आजही कमी नाहीत. आता त्यांच्या हाताशी लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेसही आहे. तक्रार मात्र बहुतेकांची एकच : "हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतो."

याचं कारण बफर. संगणक आवाज धारेनं नेत नाही, घागरी भरभरून नेतो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल येत असतील, तर १०२४ची घागर भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. येताना एक, जाताना एक, म्हणजे ४६. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. थोडक्यात, स्वतःचाच तबला तुम्ही जवळजवळ १६ मीटरवरून ऐकता.

द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा आणि मात्रेला चार बोल धरले, तर एका बोलाला ६२ मिलिसेकंद मिळतात. त्यात ४६चा उशीर झाला की वाजवणारा नकळत थांबून ऐकू लागतो आणि लय ओढली जाते.

मग घागर लहान करा. १२८ ठेवलं तर जाऊन-येऊन सुमारे ६ मिलिसेकंद, वर इंटरफेसचे थोडे. पण आता सगळ्या प्लग-इनचं काम संगणकाला दर ३ मिलिसेकंदांत उरकावं लागतं. नाही जमलं की चरचर, टकटक सुरू.

काही प्लग-इन स्वतःही उशीर करतात. पुढचा आवाज आधी बघून घेणारा लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्वलायझर ही त्यातली उदाहरणं. मिक्स करताना सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे सरकवून मेळ घालतं. थेट वाजवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

मी असं करतो : रेकॉर्ड करताना बफर ६४ किंवा १२८, जड प्लग-इन बंद, तयार ट्रॅक फ्रीझ. विंडोजवर इंटरफेसचाच आसिओ ड्रायव्हर. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असेल तर तोच वापरतो. त्यात आवाज संगणकात न जाता सरळ कानात येतो. मिक्सिंगला बसल्यावर बफर १०२४. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला अजिबात नाही.

गावातल्या ज्येष्ठ गुरुजींची बंदिश टिपून ठेवायची असेल, तर ही सगळी जुळवाजुळव ते येण्याच्या आदल्या दिवशी, टाळी वाजवून तपासून ठेवा. त्यांना पुन्हा पुन्हा गायला लावणं बरं नव्हे.