सांध्याला माणूस, सर्व्हरला कोण?

रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या पळसदरीला रेल्वेच्या दोन वाटा होतात. एक घाट चढून लोणावळ्याला जाते, दुसरी खोपोलीला. इथला रूळ बदलणारा सांधा अडला तर धो धो पावसातही रेल्वेची माणसं रुळावर उतरतात. सिग्नल विकत घेतला की काम संपलं, असं रेल्वे मानत नाही. तो चालू ठेवणारे लोक तिच्या पगारपत्रकावर असतात.

सरकारी आरोग्यसेवेनं संगणक घेतले, पण हा धडा घेतला नाही.

तालुक्याच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी पाहा. आत संगणक आणि त्याला खेटून जाडजूड रजिस्टर. लाइट गेली की यूपीएस ओरडायला लागतो आणि ऑपरेटर निमूटपणे पेन उचलतो. गरोदर बाईची नोंद नर्सताईंच्या रजिस्टरमध्ये, मग आरसीएच पोर्टलवर, मग महिन्याच्या एचएमआयएस अहवालात. बाळाची लस यू-विनवर, क्षयरोगी निक्षयवर, औषधांचा साठा ई-औषधीवर. सप्टेंबर 2021 पासून त्यात ‘आभा’ या 14 अंकी आरोग्य-ओळख क्रमांकाची भर पडली. बहुतेक ठिकाणी हे सगळं सांभाळतो एक कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद तोच काढतो, राउटर तोच बंद-चालू करतो, साहेबांची व्हिडिओ कॉन्फरन्सही तोच लावून देतो. बॅकअप कोण घेतं, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

हे काम ऑपरेटरचं नाहीच. कोणाला कुठली माहिती दिसावी, सोडून गेलेल्याचं लॉगिन कधी बंद करावं, सर्व्हर झोपला तर जुनी नोंद कुठून काढावी, हे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरचं काम.

हे काम कच्चं राहिलं की काय होतं? 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात कित्येक दिवस कागदावर कारभार चालला. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, असं सरकारनंच संसदेत सांगितलं. तरीही ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता.

महाराष्ट्रात तर हल्लेखोराचीही गरज पडली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये कंत्राट आणि थकबाकीच्या वादात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली रुग्णनोंदींची संगणक यंत्रणा बंद झाली. जे.जे.सारख्या ठिकाणी डॉक्टर पुन्हा कागदाकडे वळले. यंत्रणा ठेकेदाराची, चाव्याही त्याच्याच. पेशंटची जुनी नोंद पाहायची तर कोणाच्या दारात जायचं?

कागदच बरा, असं यावर कोणी म्हणेल. कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांत ते पटणार नाही. दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पोराचं लसीकरण कार्ड त्या बिऱ्हाडात भिजतं, फाटतं, हरवतं. भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी तिथल्या नर्सला पुढचा डोस कोणता, हे पडद्यावर दिसायला हवं. ऑनलाइन नोंदीचा खरा फायदा शहरातल्या फायली जपणाऱ्या माणसापेक्षा या पोराला आहे. म्हणूनच ‘सर्व्हर डाउन आहे’ हे उत्तर त्याला सगळ्यांत महाग पडतं.

माहिती नीट न जपल्याबद्दल 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाचा आकडा लिहून झाला; माहिती जपणाऱ्याचं पद मात्र तालुक्याच्या पातळीवर अजून लिहायचं आहे.

पोर्टलं पुष्कळ झाली. आरोग्य विभागानं पदांच्या पुढच्या आकृतिबंधात प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाला एक कायम सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर द्यावा आणि भोवतालची प्राथमिक आरोग्य केंद्रं त्याच्याकडे सोपवावीत. तोवर रायगडच्या आमदारांनी आणि जिल्हा परिषदेनं आरोग्याच्या प्रत्येक आढावा बैठकीत एवढंच विचारावं: शेवटचा बॅकअप कधी घेतला, आणि तो परत उघडून कोणी पाहिला?