रविवारी हरले, सोमवारी हाकला

आपली टीम हरली की शेवटची शिट्टी वाजून दहा मिनिटं व्हायच्या आत फोनवर एकच शब्द फिरायला लागतो: आउट. टेन हाग आउट. आर्टेटा आउट. अमोरिम आउट. नावं बदलतात, जर्सीचा रंग बदलतो, ‘आउट’ मात्र कायम. मॅच मँचेस्टरमध्ये असते आणि मॅनेजरची गच्छंती मागणारे आपण पुण्यात, नाशकात, डोंबिवलीहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये. ही करमणूक निरुपद्रवी आहे असं आपण समजतो. माझं म्हणणं आहे की ती तशी नाही. तिने आपली फुटबॉल बघण्याची नजर बिघडवली आहे, आणि हळूहळू दुसऱ्याचं काम जोखण्याची नजरही.

अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडला आला ६ नोव्हेंबर १९८६ रोजी. पहिला चषक, म्हणजे एफए कप, मिळाला १९९० मध्ये. पहिली लीग १९९३ मध्ये. मधल्या काळात सप्टेंबर १९८९ ला सिटीने त्यांना ५-१ असं धुतलं, आणि त्याच सीझनला ओल्ड ट्रॅफर्डवर त्याला निरोप देणारा बॅनर झळकला. पण बॅनर करायला कापड लागतं, रंग लागतो, एक संध्याकाळ लागते, आणि तो घेऊन थंडीत मैदानावर जावं लागतं. राग तेवढा वेळ टिकावा लागतो. आज अंगठा पुरतो. फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १३ लीग विजेतेपदं होती.

त्यानंतरची यादी बघा. मोयेस दहा महिन्यांत गेला. व्हान गालने २०१६ मध्ये एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्याला काढलं. मग मोरिन्यो, मग सोल्शार. टेन हागने मे २०२४ मध्ये एफए कप जिंकला, जुलैत त्याचा करार वाढवला, ऑक्टोबरमध्ये त्याला घरी पाठवलं. प्रत्येक वेळी फीडवर खात्री हीच होती की हा गेला की सगळं सुरळीत होईल.

आता कुणी म्हणेल, फर्ग्युसनचं उदाहरण देणं सोपं आहे, कारण तो शेवटी जिंकला. बरोबर आहे. वर्षानुवर्षं वाट बघूनही ज्यांनी काहीच दिलं नाही असे मॅनेजर आहेतच, आणि त्यांच्यावर कुणी पुस्तकं लिहीत नाही. म्हणून एका माणसाच्या गोष्टीवर न थांबता जरा मोठा हिशेब बघू. बास टेर वील या डच अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगमधल्या मॅनेजर-बदलांचा अभ्यास केला. मॅनेजर काढल्यावर टीमचे निकाल सुधारतात, हे खरं निघालं. पण तेवढ्याच वाईट घसरणीतून जाणाऱ्या आणि मॅनेजर न काढलेल्या टीमचे निकालही जवळपास तसेच सुधारतात, हेही निघालं.

यात जादू काही नाही. फुटबॉलमध्ये गोल मुळातच कमी होतात. त्यामुळे एखादा चेंडू खांबाला लागून आत जातो की बाहेर येतो यावर तीन गुण ठरतात. असे पाच-सहा खांब लागोपाठ विरोधात गेले की मॅनेजर मूर्ख दिसायला लागतो, आणि नेमका तेव्हाच आपण त्याला काढतो. पुढच्या महिन्यात चेंडू पुन्हा सरासरीने पडायला लागतात आणि श्रेय नव्या माणसाला जातं. लुडोत सलग चारदा एक पडल्यावर फासा बदलला आणि मग पाच पडले, तर ते नव्या फाशाचं कर्तृत्व नसतं.

यावर उत्तर तयार असतं: आम्ही नुसते निकाल बघत नाही, टॅक्टिक्स बघतो. काय बघतो आपण? बारा सेकंदांची क्लिप, तिच्यावर लाल बाण, आणि कुणीतरी मोकळा सुटलेला दिसतो तिथे पिवळं वर्तुळ. सोबत एक्स-जीचा स्क्रीनशॉट. एक्स-जी हे चांगलं साधन आहे, त्याची थट्टा मी करणार नाही. अमुक जागेवरून, अमुक कोनातून मारलेले फटके पूर्वी किती वेळा गोल झाले, यावरून ते प्रत्येक फटक्याला शक्यता देतं. पेनल्टीला साधारण पाऊण गोल. पण हे गणित वीस-तीस सामन्यांच्या बेरजेत बोलायला लागतं. एका रविवारचा आकडा पुरावा म्हणून नाचवणं म्हणजे एका दिवसाच्या पावसावरून मान्सून फेल जाहीर करणं.

आणि कोचिंग त्या क्लिपमध्ये नसतंच. मंगळवार ते शुक्रवार मैदानावर जे घोटून घेतलं जातं ते कोचिंग. आपला फुलबॅक पुढे गेला की त्याची जागा कोण भरणार? हल्ला फसला तर मागे कितीजण उभे असणार? समोरच्याने गोलकीपरकडे पास मागे दिला की आपल्यातला पहिला कोण धावणार आणि बाकीच्यांनी कुठल्या वाटा अडवायच्या? हे शंभरदा करून घेतल्यावर एकदा सामन्यात नीट जमतं, आणि नीट जमलं की काहीच घडत नाही. न झालेल्या गोलची रील कोण करणार?

ऑगस्ट २०२१ मध्ये आर्सेनल तीन सामने हरून, एकही गोल न करता तक्त्यात तळाला होतं. आर्टेटाला काढायला त्याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. क्लबने काढलं नाही. तो सीझन पाचव्या स्थानावर संपला आणि पुढचे तिन्ही दुसऱ्या. लीग जिंकली नाही म्हणून टोमणे मारा, जरूर मारा. पण तळाच्या टीमला तिथवर नेण्याचं काम फोनवरून दिसत नव्हतं, हे तरी मान्य करा.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक बरी पद्धत आहे. रात्री सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी बसून लिहायचं: काय घडलं, कधी घडलं, कशामुळे घडलं. कुणामुळे, हा प्रश्न त्यात घ्यायचा नाही. हे दयेपोटी नसतं. नाव सापडलं की शोध थांबतो आणि खरा बिघाड तसाच राहतो, म्हणून. आमच्यातलेच लोक दिवसा हे नियम पाळतात आणि रात्री मॅच संपली की पहिल्याच वाक्यात नाव घेतात.

‘पण त्यांना कोट्यवधींची भरपाई मिळते, त्यांची कसली कीव?’ प्रीमियर लीगपुरतं हे खरं आहे. आणि तिकीट काढून, पावसात भिजून ओरडणाऱ्या प्रेक्षकाचा हक्क मी काढून घेत नाही. पण सवय प्रीमियर लीगपुरती राहत नाही. ती आपल्याकडे येते, जिथे भरपाई नसते.

खालिद जमीलचं घ्या. सात वर्षं त्याने मुंबई एफसी सांभाळली. पैसा बेताचा, टीम साधी. पण तो तिला आय-लीगमध्ये टिकवून होता. टिकणं दिसत नाही, कंटाळवाणं वाटतं. २०१६ मध्ये क्लब आणि तो वेगळे झाले. पुढच्याच सीझनला त्याने मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली आणि मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा कोच झाला. सप्टेंबरमध्ये काफा नेशन्स कपमध्ये ओमानला हरवून तिसरं स्थान, की तो देव. ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून हार, आशियाई कपची वाट बंद, की तो नालायक. या दोन्हींच्या मधे दोन महिनेही नाहीत. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातल्या कराराचा घोळ चालू असल्याने देशाची मुख्य लीग तेव्हा सुरूच झालेली नव्हती, हे किती पोस्टमध्ये वाचलंत? कोचचा चेहरा पोस्टरवर बसतो. कराराचा बसत नाही. ‘आउट’चा सर्वात मोठा फायदा कुणाला होतो, तर खुर्चीत बसलेल्या ज्यांचं नाव कुणालाच माहीत नाही त्यांना.

आर्मांडो कुलासो यांनी गोव्याच्या डेम्पोला पाच राष्ट्रीय विजेतेपदं दिली. ती एका महिन्यात आली नाहीत. २००५ ते २०१२ अशी पसरली आहेत. आपल्यातल्या किती जणांना गार्डिओलाची फॉर्मेशन पाठ आहे आणि कुलासोंचं नाव पहिल्यांदा ऐकताहेत?

म्हणून मागणं एवढंच. एक टीम निवडा आणि एक अख्खा सीझन तिच्या पूर्ण मॅचेस बघा, क्लिप नाही. जमलं तर जवळच्या मैदानावर जा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी बघा. तुमच्या गावात तेवढं नसेल तर सकाळी सातला पोरांना कोन लावून पळवणारा एखादा कोच असेलच. त्याच्या कडेला अर्धा तास उभे राहा आणि तो एकच पास कितीदा परत करायला लावतो ते मोजा. एवढं केल्यावरही एखाद्या मॅनेजरला काढायला हवं असं वाटलं, तर बेलाशक लिहा. तेव्हा तुमच्या ‘आउट’पुढे कारणही असेल.