पहिले एकवीस किलोमीटर सोबतीने धावा

पाऊस ओसरू लागला की महाराष्ट्रात अर्धमॅरेथॉनचा हंगाम सुरू होतो. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून जाणारी शर्यत, मग वसई-विरार, पुणे आणि जानेवारीत मुंबई. २१.०९७५ किलोमीटर आयुष्यात पहिल्यांदाच धावणारे प्रत्येक ठिकाणी असतात. त्यांच्या तयारीची चर्चा बूट, मनगटावरचे घड्याळ, आहार आणि मोबाइलवर उतरवून घेतलेले वेळापत्रक यांभोवती फिरते. बरोबर कोण धावणार, हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. माझ्या मते तो पहिला असायला हवा. साधारण आपल्याच वेगाचे दोन-तीन मित्र किंवा मैत्रिणी आधी जमवाव्यात, सराव त्यांच्यासोबत करावा आणि शर्यतीच्या दिवशीही त्यांच्या बरोबरीनेच धावावे. यात उत्साह वाढतो हे खरेच, पण त्याहून मोठे म्हणजे यात शरीराचे हित आहे.

नवख्या धावपटूचे नुकसान आळसापेक्षा घाईने अधिक होते. नियमित धावू लागल्यावर काही आठवड्यांतच दम टिकू लागतो, कारण हृदय आणि श्वसन लवकर जुळवून घेतात. हाडे आणि कंडरा यांना मात्र त्यासाठी महिने लागतात. दम आहे म्हणून वेग वाढवला जातो, नडगी किंवा टाचेमागची कंडरा दुखावते आणि तयारी अर्ध्यावर थांबते. म्हणूनच सरावातले बहुतेक धावणे बोलता येईल अशा वेगाने करा, असे प्रशिक्षक सांगतात; धाप न लागता पूर्ण वाक्य म्हणता आले पाहिजे. एकटा धावणारा हे कुणाशी बोलून तपासणार? शेजारी मित्र असला की हे बंधन न सांगता पाळले जाते. गप्पा तुटू लागल्या की वेग वाढला, हे दोघांनाही त्याच क्षणी कळते. रविवारच्या पंधरा-सोळा किलोमीटरच्या धावेत, जिथे वेळ जाता जात नाही, तिथे तर याचा फायदा दुहेरी असतो.

सोबतीचा परिणाम मोजलाही गेला आहे. सुमारे अकरा लाख धावपटूंच्या पाच वर्षांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. मुळात धावणारेच एकमेकांचे मित्र होतात, मग परिणाम मैत्रीचा कसा म्हणायचा, ही शंका संशोधकांनी हवामानाच्या आधारे सोडवली. मित्राच्या गावात हवा चांगली असल्यामुळे तो जास्त धावला, तर दुसऱ्या गावात वेगळ्या हवेत राहणारा माणूसही जास्त धावतो का, हे त्यांनी तपासले. मित्र एक किलोमीटर जास्त धावले की आपले धावणे साधारण तीनशे मीटरने वाढते, असे दिसले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, ती मला फार मोलाची वाटते: कमी धावणाऱ्यांचा प्रभाव जास्त धावणाऱ्यांवर पडतो, उलट दिशेने तो तसा पडत नाही. म्हणजे मुरलेला धावपटू नवख्याला सोबत देतो तेव्हा तो स्वतःचा सराव वाया घालवत नाही. मागून येणारा त्यालाही धावते ठेवतो. ऑक्सफर्डच्या नौकानयनपटूंवरच्या छोट्या प्रयोगात, एकत्र वल्ही मारल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता एकट्याने तेवढाच व्यायाम केल्यानंतरच्यापेक्षा बरीच जास्त आढळली. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठा निष्कर्ष उभारू नये. पण शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये मांड्या भरून येतात तेव्हा नेमकी हीच क्षमता कामी येते.

यावर गंभीर आक्षेप असा की सोबतच घाई करायला लावते. गटात मागे पडू नये म्हणून दुखऱ्या गुडघ्याने धावणारे असतात, हे खरे आहे. पण तो दोष जोडीच्या निवडीचा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो क्योलर यांनी १९२० च्या दशकात बर्लिनच्या नौकानयनपटूंवर प्रयोग केले. जोडीतला कमजोर भिडू एकट्याने करेल त्याहून जास्त जोर लावतो, आणि दोघांच्या ताकदीतला फरक मध्यम असतो तेव्हा हा परिणाम सर्वाधिक दिसतो, असे त्यांना आढळले. फरक फार मोठा असेल तर कमजोर भिडू मनातून हार मानतो. म्हणून गटाचा वेग सर्वात हळू धावणाऱ्याने ठरवावा आणि दुखणे लपवण्याची वेळ कुणावर येऊ नये, एवढे आधीच ठरवून घ्यावे. ज्या गटाला हे मान्य नसेल, तो गट पहिल्या शर्यतीसाठी नको.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे: इतरांच्या आधाराने पूर्ण केलेले अंतर आपले कसे? एलियुड किपचोगे २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉन धावला, तेव्हा आळीपाळीने वेग धरणाऱ्या ४१ धावपटूंचा ताफा त्याच्यासाठी तयार होता. ती वेळ विश्वविक्रम म्हणून नोंदली गेली नाही, आणि ते योग्यच. विक्रमाला नियम हवेत. पण पहिल्यांदा धावणारा माणूस कुणाचा विक्रम मोडायला आलेला नसतो. कॅथरिन स्विट्झर १९६७ मध्ये बोस्टन मॅरेथॉन धावली तेव्हा ती स्त्री आहे म्हणून एका अधिकाऱ्याने तिला रस्त्यातून ओढून काढण्याचा प्रयत्न केला. तिच्याबरोबर सराव केलेले प्रशिक्षक आर्नी ब्रिग्ज शेजारीच होते आणि तिच्या मित्राने त्या अधिकाऱ्याला धक्का देऊन दूर केले. ती शर्यत तिची नव्हती असे आज कोण म्हणेल?

आपल्याकडे पहाटेच्या अंधारात एकटीने रस्त्यावर धावायला निघणे अनेक स्त्रियांना शक्यच नसते. त्यांच्यासाठी चार मैत्रिणी म्हणजे धावण्याची पूर्वअटच. शिवाय दगावण्याचा धोका नगण्य असला तरी तो शून्य नाही: अमेरिकेतल्या शर्यतींच्या दहा वर्षांच्या नोंदींत अर्धमॅरेथॉनमध्ये हृदय बंद पडण्याचे प्रमाण लाखामागे ०.२७ होते, आणि वाचलेल्यांच्या बाबतीत जवळ असलेल्यांनी लगेच छाती दाबून दिलेला प्राथमिक उपचार निर्णायक ठरला. म्हणून प्रत्येक धावगटाने हा उपचार शिकून घ्यावा. आयोजकांनी एकत्र नाव नोंदवणाऱ्या नवख्यांना एकाच रांगेतून सुटू द्यावे. मागच्या वेळेनुसार त्यांची फाटाफूट करू नये. आणि नगरपालिकांनी मैदाने पहाटे पाचला उघडावीत, दिवे लावून.