मालवाहू मोटारीची हवागाळणी

आमच्या शेतकरी बंधूंपैकी पुष्कळांच्या दारी हल्ली पिकअप मोटार उभी असते. कांदा, टोमॅटो, दूध व खत यांची ने-आण तिच्यावरच चालते. ह्या मोटारीची कारखान्याची हवागाळणी काढून तिच्या जागी तेल लावलेल्या सुती जाळीची उघडी, शंकूसारखी गाळणी बसवावी, म्हणजे एंजिनाचा जोर वाढेल व गाळणी धुऊन पुनःपुन्हा वापरता येईल, असा सल्ला सुटे भाग विकणारे देत असतात. हा सल्ला आमच्या रस्त्यांवर हिताचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

1 लिटर डिझेल जळण्यास निदान 10,000 लिटर हवा लागते. दिवसाकाठी 10 लिटर डिझेल खाणारे एंजिन एक लाख लिटरांहून अधिक हवा ओढते, आणि ऊसतोडणीच्या हंगामात ही हवा फुफाट्याने भरलेली असते. धुळीतील गारगोटीचे कण लोखंडाहून कठीण असतात. ते आत गेले म्हणजे पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजतात, एंजिन तेल खाऊ लागते व धूर ओकते. टर्बो असल्यास त्याच्या पात्यांच्या कडाही खरवडल्या जातात.

तेव्हा गाळणी किती धूळ अडविते यापेक्षा किती आत सोडते, हे पाहावे. समजा, एक गाळणी शेकडा 99.5 व दुसरी शेकडा 98 धूळ अडविते. फरक क्षुल्लक भासतो. परंतु पहिलीतून अर्धा भाग आत जातो, तर दुसरीतून दोन भाग, म्हणजे चौपट! सुती जाळीतून हवा मोकळी वाहते हे खरे. पण कागदी गाळणीच्या मानाने तिच्यातून धूळही अधिक जाते.

आता जोराविषयी. डिझेल एंजिनाचा जोर मुख्यत्वे आत सोडलेल्या डिझेलावर ठरतो, आणि त्याला लागणारी हवा मूळची गाळणी स्वच्छ असता पुरवितेच. उलट उघडी गाळणी बॉनेटखालची तापलेली हवा ओढते. 30 अंशांची हवा 60 अंशांवर गेली की सुमारे शेकडा 9 विरळ होते. मग जोर वाढावा कसा? शिवाय धुतल्यावर तेल अधिक लागले, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर ते बसून त्याचे माप चुकते. शर्यतीच्या मोटारीस ही गाळणी शोभेल. तिचे एंजिन वरचेवर उघडले जाते. आमचे एंजिन वर्षानुवर्षे टिकावयाचे आहे.

मग खर्च करावा कोठे? कारखान्याच्या मापाचीच कागदी गाळणी घ्यावी. आयएसओ 5011 प्रमाणे झालेल्या चाचणीचे आकडे मिळाल्यास धूळ अडविण्याची व धूळ साठविण्याची शक्ती, दोन्ही पाहाव्यात. तिच्या कडेचे रबर घट्ट बसते की नाही हे तपासावे. फटीतून शिरणाऱ्या हवेस गाळणीच नसते. ज्यांची मोटार सदैव धुळीत चालते, त्यांनी गाळणीपूर्वी धूळ भोवऱ्याने बाजूस टाकणारे साधन बसवावे. ओढ्यातून जाणे पडत असल्यास हवा घेणारी नळी उंच न्यावी. एंजिनात पाणी शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतात.

गाळणी आपटून अथवा जोराच्या हवेने झाडू नये. कागदास डोळ्यांस न दिसणारी छिद्रे पडतात. धुळीच्या हंगामात ती नेहमीपेक्षा लवकर बदलावी. बदलताना एंजिनाकडील नळी आतून पांढऱ्या फडक्याने पुसावी. फडक्यावर माती दिसली, तर गाळणी अथवा तिची बैठक सदोष आहे, असे निश्चित समजावे.

नकली मालाचे भय बाजारात आहेच. सबब गावोगावच्या सोसायट्यांनी हंगामापूर्वी आपल्या सभासदांसाठी खात्रीच्या गाळण्या एकत्र खरेदी कराव्यात, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. काही शे रुपयांच्या वस्तूत काटकसर करून एंजिन उघडण्याचा प्रसंग ओढवून घेणे हा व्यवहार नव्हे.